एक जूनचा अनिवासी

१

वैजनाथनं तो कागद तिसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदाही कागदाचं म्हणणं तेच होतं. वैजनाथ भारतात राहत नाही.

कागद इन्कम टॅक्स खात्याचा होता आणि भाषा मोठी अदबीची होती. 'आपण १२ जून रोजी भरलेल्या रिटर्नमध्ये आपण स्वतःच अनिवासी असल्याचे, म्हणजे गेल्या आर्थिक वर्षात भारताबाहेर राहत असल्याचे नमूद केले आहे. सबब आपणांस रहिवासाचा दाखला देता येत नाही.'

त्यानं खोलीभर नजर फिरवली. दहा बाय बाराची खोली, लातूरच्या ट्यूशन एरियातली. समोरच्या भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे माणसाएवढे फोटो आणि फोटोखाली मार्क. जे नापास होतात त्यांच्या तोंडाला या शहरात भिंत मिळत नाही. वैजनाथ त्यातला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा पडला. पण फिजिक्स डोक्यात राहिलं आणि त्याच फिजिक्सवर नेदरलँडमधल्या एका कंपनीनं त्याला काम दिलं. शाळेच्या पुस्तकातली गणितं सोडवायची, तपासायची, पाठवायची. दुपारी बारा ते रात्री आठ, कानाला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप. चार वर्षांत तो जिल्ह्याबाहेर दोनदा गेला होता. एकदा सोलापूरला दाढ काढायला, एकदा नांदेडला लग्नाला. पासपोर्ट त्यानं अजून हातातसुद्धा धरला नव्हता.

आणि १२ जूनला त्यानं रिटर्न भरलंच नव्हतं. तो या आठवड्यात भरणार होता.

कंपनीची मेल त्याला तोंडपाठ झाली होती. ३१ जुलैपर्यंत भारताच्या रहिवासाचा दाखला, निदान विचाराधीन अर्जाची पोच पाठवा. नाहीतर करार संपला असं समजा. आज बुधवार, २६ जुलै.

फोन वाजला. आई. किल्लारीहून.

"वैजू! बरा हाईस न्हवं?" सिंधुबाई नेहमी मोठ्यानं बोलायची, पण दीड महिन्यापासून तर ओरडायचीच, जणू पोरगा डोंगरापलीकडं उभा आहे. "जेवलास का? थंडी लई असंल तिकडं!"

"थंडी कसली गं? घामानं बनियन भिजलंय."

"हाव, हाव. सवेटर घाल. आन् पंचमीला यायची घाई करू नको. कामाचं बघ तू."

फोन बंद. वैजनाथ हसला. म्हातारपण असं लवकर लागतं की काय, त्याच्या मनात आलं.

लगेच परत फोन वाजला. अनोळखी नंबर. या आठवड्यात तिसऱ्यांदा. तीच बाई, तोच घाईचा, दबका आवाज.

"हे बघा, फोन कट करू नका. आठ ऑक्टोबरनं उघडत न्हाई. तुमची दुसरी कुठली तारीख असंल तर तेवढी सांगा."

त्यानं फोन कट केला. तारीख विचारणार, मग नंबर विचारणार, मग खातं साफ. असले चोर त्याला माहीत होते.



२

खालच्या मजल्यावर शबानाचं दुकान होतं. फोटोकॉपी, परीक्षेचे फॉर्म, पॅन कार्ड, रिटर्न, सगळं एका टेबलावर. घर तिचंच, वैजनाथ भाडेकरू. शबाना बारावीनंतर शिकली नव्हती, पण कागद वाचायला बसली की शिकलेल्यांना घाम फुटायचा. दाराशी तिची आई चांदबी तांदूळ निवडत बसायची आणि गिऱ्हाइकांवर शेरे मारायची.

शबानानं खात्याचा कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वर बघितलं.

"मुबारक हो. फॉरेनला गेलास आणि मला भाडं तिथूनच देऊन राहिलास?"

"आपा, मस्करी नका करू. सोमवारी माझी नोकरी जाईल."

"मग उभा का? बस." तिनं स्टूल ढकललं. "साइटवर तुझं लॉगिन उघड."

उघडेना. पासवर्ड चुकीचा. शबानानं त्याची मेल धुंडाळली आणि जाहिरातींच्या ढिगात पडलेला एक निरोप बाहेर काढला. १२ जून, सकाळी अकरा. 'आपला पासवर्ड आधार ओटीपीद्वारे बदलण्यात आला आहे.' त्यानंतर दहा मिनिटांनी दुसरा. 'आपला ईमेल बदलण्यात आला आहे.'

"म्हणजे कुणीतरी तुझ्या घराचं कुलूप बदललं आणि आत जाऊन बसला," शबाना म्हणाली. "आपण मागच्या दारानं जाऊ. बँकेच्या खात्यातून आत जाता येतं."

आत गेल्यावर रिटर्न दिसलं. नाव वैजनाथचं, पॅन वैजनाथचं, जन्मतारीख १ जून १९९३. राहण्याची स्थिती अनिवासी. परदेशी पगार भारताबाहेरचा म्हणून वगळलेला, टॅक्स शून्य. शेवटी सही करतो तिथं ठिकाण लिहिलेलं, मुदखेड.

"मुदखेडला कोण हाय तुझं?"

"मामा हायत. शेषेराव मामा, रेल्वेतून रिटायर झालेले. पण त्यांना साधा मेसेज पाठवता येत न्हाई, आपा. ते कशाला माझं रिटर्न भरतील?" वैजनाथ थांबला. "नासिर मात्र दर आठवड्याला मुदखेडला जातो."

"नासिर कोण?"

"माझ्यासोबत त्याच कंपनीत होता. मार्चमधी त्याला काढलं, मला ठेवलं. आता नांदेडला क्लासमधी शिकवतो. तवापसनं माझ्याशी नीट बोलत न्हाई."

"अजून?"

"मोहसीनभाई. कर सल्लागार. मागची दोन रिटर्नं त्यांनीच भरली. यंदा मी म्हणलं आपलं आपण भरू, तर रागावले."

चांदबीनं सुपातून मान वर केली. "और तेरी माँ? सकाळी तिचा आवाज रस्त्यावर येत होता. स्वेटर घाल म्हणत होती. या उकाड्यात?"

"वय झालं तिचं," वैजनाथ म्हणाला.

चांदबी परत तांदूळ निवडायला लागली. पण शबाना आईकडं जरा जास्त वेळ बघत राहिली.

"आधारला मोबाइल कुठला जोडलाय तुझ्या?"

"घरचा. किल्लारीचा. कॅम्प लागला तवा घरात एकच फोन होता, सगळ्यांना तोच नंबर टाकला. दरवर्षी ओटीपी लागला की आईला फोन करतो, ती वाचून सांगती."

शबानानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे १२ जूनला तो नंबर किल्लारीत वाजला. कुणीतरी तो तुझ्या आईकडून घेतला. कुणी, ते शोधू."

३

मोहसीनचं ऑफिस गांधी चौकाच्या मागं. टेबलाला काच, काचेखाली स्वतःचाच फोटो. त्यानं वैजनाथला बघितलं आणि खुर्चीसुद्धा दाखवली नाही.

"आला? अडकल्यावर मोहसीन आठवतो."

शबाना न विचारता बसली. "तुमच्याकडं याचा पासवर्ड होता?"

"होता ना. दोन वर्षांपासून. माझ्या वहीत आहे." त्यानं वही आपटली. "बघा! मोहसीन चोरी करत नाही, बाई. मोहसीन फी घेतो."

"मग परदेशी पगारवाल्यांना अनिवासी दाखवून टॅक्स शून्य करायचं, हे लातुरात कोण करतं?"

मोहसीनचा चेहरा उतरला. "करतात काहीजण. कमिशनवर. गिऱ्हाईक खूश होतं, दोन वर्षांनी नोटीस येते, तोवर यांचा बोर्ड बदललेला असतो. मी नाही करत. माझा बोर्ड बाबांच्या वेळचा आहे."

बाहेर आल्यावर शबाना म्हणाली, "हा नाही."

"एवढ्यात कसं ठरवलं?"

"याच्या वहीत किल्ली होती. किल्लीवाला माणूस कुलूप कशाला बदलेल?"

नासिर दुसऱ्या दिवशी आला. लातुरात पेपर तपासायला त्याला दर गुरुवारी बोलावतात. दुकानात शिरला तोच धुमसत.

"सरळ विचार की वैज्या, तू केलंस का म्हणून! बाईमाणसाला पुढं का घालतोस?"

"केलंस का?" शबानानं विचारलं.

"माझी नोकरी गेली तवा वाटलं होतं, याची पण जावी. वाटलं होतं! खोटं कशाला बोलू? नांदेडला एका वर्गात दोनशे चाळीस पोरं बसवतात, आपा. मागच्या पोरांना फळा दिसत नाही, माझं तोंड टीव्हीवर दिसतं. त्या खोलीत उभं राहिलो की याची खोली आठवते." तो थांबला. "पण रिटर्न? माझं स्वतःचं भरलं नाही मी अजून."

"तुला माहीत होतं, अनिवासी लिहिलं की याचा दाखला अडकणार?"

"माहीत होतं," नासिर म्हणाला. "आम्हा दोघांनाच माहीत होतं."

 मुदखेड, राग, माहिती, सगळं याच्याकडं होतं. तो पुढं सरकला, पण शबानानं हात आडवा केला. तिनं स्वतःचा फोन उचलला, किल्लारीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि आवाज गोड केला.

"नमस्कार मावशी, बँकेतून बोलतेय. तुमच्या मुलाच्या नावानं एक सहा आकडी नंबर आलाय, तेवढा वाचून दाखवता?"

"कोन गं तू?" सिंधुबाईचा आवाज दुकानभर घुमला. "नंबर पायजे? तुझ्या बापाला माग! शेजारच्या केवळाबाईचे चाळीस हजार गेलते असंच. पोरगं सोताहून बोलल्याबिगर मी नंबर देत नसते, समजलं? परत फोन केलास तर जीभ हासडीन!"

फोन आपटला गेला. नासिर हसून लोटपोट झाला. चांदबीसुद्धा पदराआड हसली.

शबाना हसली नाही.

"नासिर, तू जा. चहा पिऊन जा, पण जा. तू नाहीस." ती वैजनाथकडं वळली. "परक्याला ही बाई नंबर देत नाही. बारा जूनला तू फोन केला नव्हतास. तरी नंबर दिला गेला. म्हणजे तिनं घरच्या माणसाला दिला, वैजनाथ. आणि समजून दिला."

४

वैजनाथ भांडला. आई अशी नाही, आईला इन्कम टॅक्स म्हणजे काय कळत नाही, आईला माझं वाईट करून काय मिळणार? शबानानं सगळं ऐकून घेतलं.

"मी कुठं म्हणाले वाईट करायला केलं? आपण टॅक्सच्या मागं लागलो, तिथंच चुकलो. टॅक्स वाचवणारा माणूस टॅक्सचा फायदा घेतो. इथं फायदा कुणी घेतला? कुणीच नाही. मग त्या कागदावर असं काय होतं, जे दुसऱ्या कुणाला हवं होतं?"

"अनिवासी," वैजनाथ हळूच म्हणाला.

"हां. सरकारच्या शिक्क्याचा कागद, की हा पोरगा परदेशात राहतो. आता मला सांग, ती बाई फोनवर काय म्हणत होती?"

"आठ ऑक्टोबरनं उघडत न्हाई, दुसरी तारीख सांगा."

"रिटर्नची पोच कुलूपबंद असते. पॅन आणि जन्मतारीख टाकली की उघडते. बाईकडं तुझा पॅन आहे, फाइल आहे आणि तारीख आहे आठ ऑक्टोबर. तुझी जन्मतारीख काय?"

"एक जून."

"ती मला माहीत आहे. माझ्या दुकानात दर एक जूनला अर्धा मराठवाडा जन्माला येतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकच तारीख वाटली. आईच्या पोटातून कधी आलास?"

 "भूकंप झाला तीस सप्टेंबरला. मी त्याच्या आठ दिवसांनी. पत्र्याच्या शेडमधी. आठ ऑक्टोबर."

"शाळेत, पॅनवर, आधारवर, बँकेत कुठं लिहिलीय ती?"

"कुठंच न्हाई."

"एका ठिकाणी लिहिलीय. वेळेसकट. नाहीतर ग्रह कसे मांडणार?"

बाहेर कुठल्यातरी क्लासची शिफ्ट सुटली होती. शेकडो सायकली, शेकडो सारख्याच बॅगा. वैजनाथ त्या गर्दीकडं बघत राहिला. 

"पत्रिका."

"आणि पत्रिका माणूस कुणाला देतो?"

 तो अनोळखी नंबर त्यानं स्वतःच लावला.

"केला एकदाचा फोन!" पलीकडची बाई म्हणाली. "मी शिवगंगा. उदगीरला शाळेत शिकवते. तुमच्याशी माझं लग्न ठरलंय. तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"न्हाई," वैजनाथ म्हणाला.

 पलीकडून कोरडं हसू. "मला वाटलंच. तुमच्या मामांनी आमच्या अप्पांना सांगितलं, पोरगा हॉलंडला असतो, दिवाळीला येऊन लग्न करील आणि घेऊन जाईल. पुरावा म्हणून सरकारी कागद पाठवला. म्हणाले, पॅन टाका आणि पत्रिकेतली तारीख टाका. टाकली. उघडलं न्हाई, म्हणून पत्रिकेमागं लिहिलेल्या तुमच्या नंबरवर फोन करत होते. मी पोरांची सर्टिफिकेटं रोज तपासते हो. कागदाची तारीख आणि पत्रिकेची तारीख वेगळी असू शकते, एवढं मला कळतं, पण मग कागदात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी होकार का देऊ? अप्पा मात्र चार लाख देऊन बसले. उरलेले आठ दिवाळीत."



"तुम्ही आत्ता कुठं आहात?" तिनं विचारलं.

"लातुरात. ट्यूशन एरियात."

"हं." शिक्षिकेनं पेपरावर रेघ मारावी तसा तो हुंकार होता. "मला परदेश नको होता. खरं काय तेवढं बघायचं होतं. सोमवारपर्यंत अप्पांचे पैसे परत आले न्हाईत, तर मी ठाण्यात जाईन. तुमच्या मामांचं नाव देईन. तुमचंही द्यावं लागेल, कारण कागद तुमच्या नावाचा आहे."

फोन बंद झाला.

"दोन सोमवार," शबाना म्हणाली. "एक नेदरलँडचा, एक उदगीरचा. आणि टॅक्स बुडवला म्हणून खात्याची नोटीस येईल ती वेगळी. हुंडा मामाला, दंड तुला." तिनं दुकानाची चावी आईच्या हातात दिली. "चल."

"कुठं?"

"किल्लारीच्या जीपमध्ये बसायचं. काही विचारायचं नाही कुणाला. नुसतं बसायचं."

जीपमध्ये चौदा माणसं होती. औसा मागं पडलं तोवर कुणी बघितलं नाही. मग पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली, डोळे बारीक केले आणि जीपभर ऐकू जाईल असा ओरडला.

"आरं, हा सिंधुबाईचा वैजू न्हवं का? परदेसातून कवा आलास बाबा?"

५

नवी किल्लारी म्हणजे रुंद रस्ते आणि नंबरची घरं. जुनं गाव पडलं तेव्हा लोकांची गल्ली गेली, भावकी गेली, मग सरकारनं आखून दिलेल्या चौकोनात ज्याला जो नंबर मिळाला तो त्याचा पत्ता झाला.

सिंधुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. पोराला बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं आधी रस्ता बघितला, दोन्ही बाजूंनी. मग पोराला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

"कुणी बघितलं का?"

वैजनाथला वाटलं होतं, आपण ओरडू. पण आईनं दार लावलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ती खोली, हे दार, तो कागद, सगळं एकच आहे. दीड महिना तो एका डबीत बंद होता, डबीचं झाकण आईच्या हातात होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

"सगळ्यांनी बघितलं, आई. जीपमधून आलो." तो खाली बसला. "बारा जूनला नंबर कुणाला दिलास?"

ती शबानाकडं बघत राहिली. ही कोण, ते तिला कळेना.

"मीच ती बँकवाली," शबाना म्हणाली. "जीभ अजून शाबूत आहे."

सिंधुबाई हसली नाही. पाटावर बसली.

"मामाला दिला. मामा म्हणला, एक कागद काढायचा हाय, पोराचं कल्यान हुईल. मुदखेडच्या मानसानं काढला. पॅनची झेराक्स मी दिली. पत्रिका मी दिली."

"पर का?"

"का म्हनतोस?" ती एकदम उसळली. "चार वर्सं झाली! केवळाबाई रोज इचारती, पोरगं काय करतंय? मी म्हनते कामाला हाय. कुठं? खोलीत. खोलीत कसलं काम? हापिस कुठाय, सायब कुठाय, बस कुठली पकडतो? सांग, काय सांगू? गावात म्हनतात, डाक्टर झाला न्हाई म्हनून तोंड लपवून बसलाय. तीन स्थळं आली, तिन्ही परत गेली. घरात बसलेल्या पोराला पोरगी कोन देतंय? पैसे तर तू आनतोस, मला दिसतात. लोकांना न्हाई दिसत. लोकांना जागा लागती. मामा म्हनला, कंपनी परदेसातली हाय ना? मग पोरगंबी परदेसात हाय म्हनू. मी म्हनलं, म्हना."

"आणि चार लाख?"

"कसले चार लाख?" ती थांबली. तिचा चेहरा बघून शबानानं मान हलवली. हे तिला खरंच माहीत नव्हतं.

वैजनाथनं मुदखेडला फोन लावला. स्पीकरवर.

"मामा, उदगीरचे चार लाख कुठं हायत?"

शेषेराव मामांनी खाकरून घेतलं. "आरं भाच्या, तुझ्याच लग्नाचे हायत. तुला बाजार कळत न्हाई. लातूरच्या खोलीतला पोरगा दोन लाखाला कुणी इचारत न्हाई, परदेसातला बारा लाखाला जातो. मी तुझा भाव केला! उलट उपकार मान."

"मी बैल हाय का?"

"आता तोंड वर करून..."

"सोमवारच्या आत चार लाख उदगीरला पोचले पायजेत. न्हाई पोचले तर शिवगंगा ठाण्यात जाणार, आणि तिच्यासोबत मी जाणार. तुमचं मुदखेडचं ठिकाण तुम्हीच कागदावर लिहून ठेवलंय."

मामा शिव्या देत होते तेव्हाच त्यानं फोन ठेवला. सिंधुबाई जमिनीकडं बघत बसली होती. तिच्या सख्ख्या भावानं तिच्या पोराला विकायला काढलं होतं आणि दावं तिनंच हातात दिलं होतं.

शबानानं लॅपटॉप उघडला. सुधारित रिटर्न तिनं काल रात्रीच भरून ठेवलं होतं. राहण्याची स्थिती निवासी. पगार पूर्ण दाखवलेला, टॅक्स पूर्ण भरलेला. वैजनाथनं चार वर्षं बाजूला टाकलेल्यातून भरला होता, त्याला तो द्यायचाच होता. राहिली होती फक्त ओटीपीनं करायची खात्री.

"बँकेच्या दारानं पण होतं हे," ती हळूच म्हणाली. "एक मिनिटाचं काम. आईला त्रास नको असला तर."

वैजनाथनं आईकडं बघितलं. मग मान हलवली. "न्हाई. घरच्या फोनवर पाठवा."

सिंधुबाईच्या कमरेच्या पिशवीत फोन किणकिणला. तिनं काढला, हातात धरला, पण वाचला नाही.

"हा नंबर सांगितला की काय हुईल?"

"मी परत लातुरात राहायला येईन," वैजनाथ म्हणाला. "कागदावर. आणि मग कुठल्याच कागदावर परदेसात नसीन."

"सोयरीक मोडंल."

"मोडंल."

"गाव हसंल मला."

"हसंल."

पडद्यावर वेळ उलटा धावत होता. चार मिनिटं. तीन. बाहेर चपला वाजल्या. दारावर थाप पडली आणि केवळाबाईचा आवाज आला. "सिंधे! ए सिंधे! जीपवाला म्हनतोय, वैजू आलाय म्हनं इमानानं! दार का लावलंस गं?"

सिंधुबाई उठली. वैजनाथला वाटलं, गेली. आता दारातून काहीतरी थाप मारणार, आजारी आहे, सुट्टीवर आलाय, उद्या जातोय.

तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. बाजारानं शिकवले होते.

"चार," ती म्हणाली. "शून्य. शून्य. सात. दोन. नऊ."

शबानाची बोटं चालली. पडद्यावर हिरवी खूण आली. त्याखाली पोच. शबानानं ती फाइल त्याच्या फोनवर टाकली, नवा दाखल्याचा अर्ज उघडला आणि कुणाकडं न बघता तो भरायला घेतला. शुक्रवारी दुपारी अर्जाची पोच नेदरलँडला गेली. संध्याकाळी तिकडून दोन शब्दांचं उत्तर आलं, की मिळाली, धन्यवाद. उदगीरचे पैसे रविवारी पोचले. शिवगंगानं तसा एक ओळीचा मेसेज केला आणि खाली लिहिलं, शाळेची तारीख टाकून बघितली, आता एक जूननं उघडतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सिंधुबाईनं आकडे वाचले, फोन परत पिशवीत घातला आणि दार उघडलं. सताड. केवळाबाई आत डोकावली, तिच्या मागं अजून दोघी.

"कवा आला गं पोरगा? किती तासाचं इमान असतंय?"

"इमान न्हाई, जीप," सिंधुबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा मोठा होता, पण ओरडायचा नव्हता. "गेलाच न्हवता कुठं. लातुरात हाय. खोलीत बसून कमावतो. मी खोटं बोलले तुमाला. या, शेंगा खा."